मांडवात एक टेबल जुन्या कागदांसाठी मांडा

प्रति,
शहरातल्या सर्व तालीम मंडळांचे आणि गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार, आणि रात्र जागून मांडव घालणारी सगळी पोरं,
कोल्हापूर.

सप्रेम नमस्कार.

वर्गणीची पुस्तकं अजून छापायला गेली नसतील, म्हणून आत्ताच लिहिते. एकदा मांडवाचे वासे उभे राहिले की तुमच्या कानात दुसरं काही शिरत नाही, हे पेठेत चाळीस वर्षं काढल्यावर मला कळलंय.

मागणी लहान आहे. गौरी घरात असतात ते दिवस धरून, दुपारी तीन ते सहा, मांडवात नाहीतर तालमीच्या खोलीत एक लांब टेबल मांडा. चार खुर्च्या आणि एक चांगला दिवा. पेठेतल्या माणसांनी घरातले जुने कागद, फोटो, भांडी तिथं आणायची, एकमेकांना दाखवायची, मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवायचे आणि आपल्या घराण्याचा माग आणखी कुठं लागेल ते जाणत्याला विचारायचं. सहाला टेबल उचला. मग तुमचा देखावा, तुमची गर्दी, तुमचा आवाज. त्या आवाजाबद्दल आज बोलत नाही, त्याला वेगळं पत्र लागेल.

हे डोक्यात आलं ते एका रद्दीवाल्यामुळं. तीन वर्षांपूर्वी एका तालमीची जुनी इमारत पाडून नवी बांधायला काढली. (कुठली ते विचारू नका, त्या पोरांना मी आजही वर्गणी देते.) खोली रिकामी करताना दोन पोती हातगाडीवर चढली. मी भाजी घेऊन परतत होते. पोत्याच्या फाटक्या तोंडातून वर्गणीच्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती डोकावत होत्या. रद्दीवाल्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवले आणि सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा पिशवीत मेथीवर टाकून घरी आणला. १९६८ ते १९७३ ची पुस्तकं.

मी एका शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं लेखनिक होते. कागद दिसला की आधी रकाने बघायची खोड आहे. नंबर, नाव, रुपये, सही. बहुतेक ठिकाणी एक नाहीतर दोन रुपये, एखाद्या दुकानदाराचे पाच. काही नावांपुढं कंसात ओळख लिहिलेली: शिंपी, गिरणीवाले, एस. टी., शाहू मिल. तासाभरानं लक्षात आलं की पावत्यांचा क्रम हा चालण्याचा क्रम आहे. पोरं तालमीपासून निघाली, उजव्या हातानं बोळ धरला, टोकाला वळली आणि डाव्या हातानं परत आली. म्हणजे १४ नंबरच्या पावतीशेजारी १५ नंबरचं घर. आज जिथं पार्किंगसकट पाच मजले उभे आहेत, तिथं १९६९ साली कुणाकुणाच्या चुली होत्या ते ओळीनं लिहून ठेवलंय. घरफाळ्याच्या यादीत तुम्हाला घरमालक सापडेल. मागल्या खोलीतला भाडेकरू आणि जिन्याखाली मशीन टाकून बसलेला शिंपी फक्त वर्गणीच्या पुस्तकात सापडतो, कारण तुमच्या आधीच्या पोरांनी कुणालाच सोडलं नव्हतं.

१९७१ च्या पुस्तकात माझ्या सासऱ्यांचं नाव निघालं. दोन रुपये. आमच्या घरात सगळे धरून चालले होते की ही मंडळी १९७५ च्या सुमाराला गावाकडनं इथं राहायला आली. चार वर्षांचा हिशेब एका पावतीनं बदलला. मग बोळातून पिंपरीला गेलेल्या एका जुन्या शेजाऱ्यांना फोन लावला, त्यांच्या वडिलांचंही नाव होतं. पावतीचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन: "वहिनी, आमच्या आईच्या एका ट्रंकेत तुमच्या नणंदेच्या लग्नातली आहेराची वही निघाली. आमच्याकडं कशी आली काय म्हाईत." वही कशी गेली ते मला ठाऊक आहे. तेव्हा आहेर लिहायला अक्षर चांगलं असलेला शेजारी बसवायचे, आणि लग्नाच्या गडबडीत वही त्याच्याच बगलेत राहायची. त्या वहीत आमच्या सोयऱ्यांची सगळी गावं आहेत. कोण मुरगूडचे, कोण निपाणीचे, कुणी पातळ दिलं, कुणी पातेलं. यातली निम्मी नाती आता घरात कुणाला सांगता येत नाहीत.

म्हणून हे टेबल मांडवात पाहिजे. घरोघरी ट्रंका उघडून काही होणार नाही, कारण आमचं तुमच्याकडं अडकलंय आणि तुमचं आमच्याकडं. पेठेतल्या सगळ्या जातींच्या, सगळ्या धर्मांच्या घरांचा पाय जिथं लागतो अशी जागा तालमीखेरीज दुसरी नाही. आपल्याकडं तर एकाच तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमात पंजाही बसतो.

गौरीचेच दिवस का, तेही सांगते. त्या सहा पुस्तकांत बायकांची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्या सगळ्या श्रीमती. म्हणजे नवरा गेल्यावरच बाईच्या नावानं पावती फाटली. बायकांचा माग कागदापेक्षा भांड्यांवर जास्त लागतो. आमच्या फडताळात एक पितळी डबा आहे. त्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव घासून घासून झिजलंय. नातीनं दिवाळीत डबा चिंच लावून घासला आणि खिडकीशी तिरपा धरून वाचायला लागली: "चि. सौ. कां. द्वारका हिस मामांकडून, वैशाख शु. ५, शके १८७८." मी म्हटलं, द्वारका कोण गं? आमच्या सासूबाई लक्ष्मीबाई. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, मतदारयादीत लक्ष्मीबाई, फोटोखाली लक्ष्मीबाई. शकात ७८ मिळवले तर १९५६ येतं, त्यांच्या लग्नाचं साल. माहेरची द्वारका आमच्या घरात अडुसष्ट वर्षं डाळीच्या डब्यावर बसली होती आणि मला पत्ता नव्हता.

स्टील आलं तेव्हा असली किती भांडी किलोवर मोडीत गेली याची गणती नाही. तिकडं मोडीत लिहिलेले कागद वाचणारंही कुणी उरलं नाही. दोन्ही मोडींनी मिळून आपला घात केलाय.

तर गौरीला लेकी माहेरी येतात. साठ-सत्तरीच्या आत्या, मावश्या, गौरीबरोबर बसवलेला शंकरोबा बघायला आलेल्या चुलत्या, सगळ्या एकाच दोन-तीन दिवसांत पेठेत असतात. कुठल्या फोटोतली कोण, कुणाचं माहेरचं नाव काय, कुणाचं बाळ कुठल्या साथीत गेलं, हे त्यांनाच माहीत. अनंत चतुर्दशीच्या रात्री महाद्वार रोडला त्यांना गाठून हे विचारता येणार नाही.

टेबलापाशी एक मोठा फळा ठेवा आणि त्यावर लिहा की आणखी कुठं बघायचं. लोक येतात, "आमचं घराणं मूळ कुठलं" विचारतात आणि तिथंच थांबतात, कारण पुढं कुणाचं दार वाजवायचं ते कळत नाही. मला जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढं इथं देते.

सगळ्यात आधी शाळा. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्या घरांत तोवर कुणी अक्षर गिरवलं नव्हतं अशा कितीतरी घरांतलं पहिलं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात चढलं. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा, सोडल्याची तारीख. माझा आवडता रकाना शेवटचा, शाळा सोडण्याचं कारण. "गाव सोडले." "सतत गैरहजर." "घरकामासाठी." एका मुलीपुढं नुसतं "लग्न" लिहिलेलं, वय काढलं तर बारा. फक्त जन्मतारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आईबापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे. आपल्या आजोबांच्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मली ती अशी.

मग जमिनीचे कागद. नुसता सातबारा बघून उपयोग नाही, जुना वारसाचा फेरफार काढा. माणूस वारल्यावर त्याच्या मागं कोण कोण राहिलं ते त्यात नावानिशी येतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर त्यात मुलींची नावंही दिसायला लागतात. आणि पुढच्या एखाद्या फेरफारात त्याच मुलींनी भावांसाठी हक्क सोडलेला दिसतो. कित्येक आत्यांचं नाव सरकारदरबारी एकदाच आलंय, हक्क सोडताना.

त्याच्याही मागं जायचं तर मोडी. करवीर संस्थानचं दप्तर इथल्या पुराभिलेखागारात आहे, त्यासाठी पुण्याला जायला नको. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. त्याआधी गावचं दप्तर पिढ्यान् पिढ्या एकाच घरात लिहिलं जायचं. त्यामुळं गावाकडचा एखादा जुना कागद कचेरीत मिळाला नाही तर वाड्याच्या माळ्यावर विचारायचं, गोड बोलून. आणि आजचा कोल्हापूर जिल्हा म्हणजे सगळं जुनं करवीर संस्थान नव्हे. कुरुंदवाडला पटवर्धनांचं वेगळं संस्थान होतं. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. चंदगडचं घराणं असून कोल्हापुरात कागद शोधत बसलेली माणसं मी बघितलीत. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं दप्तरही वेगवेगळ्या पद्धतीनं शोधावं लागतं.

मोडी मी निवृत्तीनंतर शिकले. आधी आडवी रेघ ओढून त्याखाली अक्षरं टांगत जायची, शब्द कुठं तुटतो ते आपण ओळखायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. सहा महिन्यांत माणूस नावं वाचायला लागतो. खरी फजिती साल वाचताना होते. फसली, म्हणजे महसुलाचं साल असेल तर इसवी सन काढायला ५९० मिळवा. मराठेशाहीतल्या कागदांवरचा सुहूर सन असेल तर ५९९, आणि तो आकड्यात नसून अरबी शब्दांत असतो. "सलास सबैन मया व अलफ" म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार: ११७३, म्हणजे इसवी सन १७७२ चा पावसाळा ते पुढचा उन्हाळा, कारण हे साल मृगाला सुरू होतं. हा एवढा तक्ता फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलात तरी आलेल्या माणसाचं अर्धं काम होईल.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बहुतेकांनी ऐकलेल्या असतात. तिथं आडनावाआधी गाव विचारतात, म्हणून मूळ गाव माहीत करून जा. मुसलमान घरांनी काझींकडचा निकाहनामा बघावा, त्यात दोघांच्या बापांची आणि साक्षीदारांची नावं असतात. ख्रिस्ती घरांसाठी चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंदवही.

आणि हेळवी, गावोगाव फिरून घराण्याची वंशावळ म्हणून दाखवणारा. तुमच्यातल्या किती जणांनी हेळवी बघितलाय? माझं माहेर कागल तालुक्यातलं. सुगी झाली की सजवलेला बैल आणि गळ्यातली मोठी घंटा वाजत यायची. हेळवी दारात उभा राहून आमचं कूळ म्हणायला लागायचा, एका दमात, मूळ गाव, तिथनं कोण कुठं गेला, कुणाला किती पोरं, कोण निपुत्रिक वारला. मग कापडात गुंडाळलेली वही सोडायचा आणि दोन वर्षांत जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. म्हटलं, माझं लिवा की. तो हसला. म्हणाला, "पोरीचं नाव सासरच्या वहीत येतंय बाळ." आजीनं त्याला पायलीभर जोंधळे घातले आणि गप्प बसली. लग्नानंतर सासरच्या हेळव्याला मी मुद्दाम विचारलं, तिथंही सुनांची नावं नव्हती. तरीही सांगते, पुरुषांची इतकी लांब साखळी तोंडपाठ असलेला दुसरा माणूस या मुलखात नाही. कुणाच्या गावी अजून हेळवी येत असेल तर त्याला गौरीत पेठेत बोलवा, मानानं पाट द्या, वही उघडायची बिदागी द्या, आणि तो म्हणेल ते त्याच्या परवानगीनं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. ढोलपथकाच्या बिदागीपुढं ती काहीच नाही.

एक धोक्याचं सांगते. हल्ली जुने कागद म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं जातीचा दाखला येतो. त्यात चूक काही नाही. पडताळणीला इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि जून महिन्यात त्यासाठी रडकुंडीला आलेले आईबाप मी ऑफिसच्या खिडकीतून एकतीस वर्षं बघितलेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात तर मोडी वाचणाऱ्याच्या दारात रांग लागली. असा माणूस टेबलावर आला तर त्याला रस्ता दाखवा. पण मांडवाचं सेतू केंद्र करू नका, आणि कुणाच्या जातीची नोंद फ्लेक्सवर लावू नका. सातबारा आणि फेरफार तर लांबच ठेवा. ग्रुपवर एखादा फेरफार पडला की भाऊबंदकी आरतीच्या आधी मांडवात हजर होईल.

मूळ कागद मंडळाकडं एक रात्रही ठेवून घेऊ नका. हे मी सोसून सांगते. काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी सासऱ्यांचा तालमीतला फोटो दिला. लंगोट लावून, अंगाला माती, मागं बाकीचे पैलवान. स्मरणिका छापली, फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आला, आणि मूळ प्रत आजतागायत परत आली नाही. "काकू, प्रेसवाल्याकडं असंल" हे उत्तर मी चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा गेले नाही. म्हणून टेबलावर जे येईल त्याचा फोटो तिथल्या तिथं, मालकाच्या डोळ्यांसमोर, फ्लॅश न मारता काढायचा, आणि वस्तू ज्याच्या हातातून आली त्याच्याच हातात परत. लॅमिनेशन करून देतो म्हणणाऱ्याला टेबलाजवळ फिरकू देऊ नका, तो कागद पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको. फोटोमागं नावं लिहायची तर शिसपेन्सिलनं, हलक्या हातानं.

पुराचं वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतलं पोर सांगतं. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्या किती वर गेलं ते नदीकाठच्या पेठांनी बघितलंय. त्या वेळी गाद्यांबरोबर ट्रंकाही उन्हात पडल्या होत्या आणि आतले फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा एकच ठोकळा झाला होता. ज्यांनी आधी मोबाइलवर काढून ठेवले होते त्यांचे तेवढे राहिले.

तुमच्याकडून आणखी एक काम हवंय, आणि ते फक्त तुम्हालाच जमेल. तालमीच्या पोटमाळ्यावरची जुनी वर्गणीपुस्तकं, जमाखर्चाच्या वह्या, जुने अहवाल, मिरवणुकीचे फोटो खाली काढा. पहिल्या दिवशी टेबलावर आधी ती मांडा. आपल्या आजोबांनी दोन रुपये दिलेली पावती बघायला लोक येतील आणि दुसऱ्या दिवशी येताना घरातलं काहीतरी घेऊन येतील. नुसतं "जुने कागद आणा" असं स्पीकरवर पुकारलंत तर कुणी येणार नाही.

माझ्याकडचा गठ्ठा, भिंग, मोडीचा तक्ता आणि तो पितळी डबा मी घेऊन येईन. आधी ज्यांचा निरोप येईल त्यांच्याकडं आधी. एका दिवसात दोन मांडव जमतील, तीन जमणार नाहीत, गुडघे दुखतात.

वर्गणी काढून ठेवली आहे. पोरं आली की घेऊन जातील. फक्त या वर्षी पावती यांच्या नावानं फाडू नका. यांची तब्येत ठणठणीत आहे, तरीही माझ्या नावानं फाडा. आणि स्थळप्रतीवर ते नाव नीट, वाचता येईल अशा अक्षरात लिहा.

तुमची,
पेठेतली एक काकू